उसना आवाज

त्यांना कोणी ‘काका’ म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत. पुन्हा म्हटलं तर पाठ फिरवत. कॅनडातल्या मराठी मंडळींत केस पांढरे झालेला प्रत्येक पुरुष आपोआप काका होतो. त्याची संमती कोणी विचारत नाही. हे गृहस्थ मात्र हटून बसले. “काका म्हंजे बापाचा भाऊ,” ते म्हणत. “माझ्या भावाला पोरंच न्हाईत. मग मी काका कुणाचा?” नुसत्या नावाने हाक मारा, असा त्यांचा आग्रह असे. ते मला कधीच जमलं नाही. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, शिवाय माझे घरमालक. मग मी त्यांना ‘अहो’ म्हणू लागलो, आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

“तुझी बायको तुला नावानं बोलावती आणि तू मला अहो म्हणतोस,” ते माझ्या बायकोदेखत म्हणायचे. “लोकांनी काय समजायचं, मास्तर?”

मी मास्तर नव्हतो. टोरांटोजवळच्या मार्कहॅममधल्या एका वाचनालयात नोकरीला होतो. पण डोळ्यांवर चष्मा आणि हातात पुस्तक, एवढ्या पुराव्यावर त्यांनी मला मास्तर करून टाकलं होतं.

ते या हिवाळ्याच्या शेवटी गेले. इथल्या मराठी मंडळाने श्रद्धांजली सभा घेतली. त्या सभेपासून मी रागात आहे. राग उतरल्यावर शांतपणे लिहावं असं ठरवलं होतं, पण तो उतरायचं नाव घेत नाही, म्हणून रागातच लिहायला बसलो आहे. या माणसाने जन्मभर आवाजावर पोट भरलं आणि त्याचा स्वतःचा आवाज मात्र फार थोड्या लोकांनी ऐकला. शेवटी त्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, ती या आवाजाबद्दलची. ती मंडळाने दिली नाही. का दिली नाही हे कळायला आधी हा माणूस कोण होता हे सांगायला हवं, कारण सभेत ते कोणी सांगितलं नाही.

आम्ही नागपूरहून नवीन आलो तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी खिडकीतून पाहिलं तर ते ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. अंगात काळा, अरुंद पायांचा सूट. पांढरा शर्ट, बारीक काळा टाय. डोक्यावर लहान कडांची हॅट. पायांत चकचकीत बूट आणि पांढरे मोजे. मला वाटलं कोणाच्या तरी मयताला निघालेत आणि गाडी अडकली आहे. धावत वर गेलो, म्हटलं, “अहो, द्या इकडे, मी करतो.”

“सूट आहे का तुझ्याकडं?”

“मुलाखतीचा आहे.”

“मग तो घालून ये. नसला तर आत जा. बर्फ काढायचा म्हंजे काय कसं बी काढायचं?”

हा त्यांच्या बँडचा पोशाख होता. बँड मोडून कित्येक वर्षं झाली होती, पण ग्रोसरी आणायला, दंतवैद्याकडे, मुलीच्या शाळेत ते त्याच पोशाखात जात. बुटांवर रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग पडले की दाराशी बसून आधी ते पुसत आणि मग घरात येत. त्यांच्या स्वयंपाकघरात मार्मलेड आणि कांदा लसूण चटणी एकाच फळीवर असत. टोस्टवर झुणका घालून खायची रीत त्यांच्या आईची. कॉफीच्या दुकानातल्या मुलीला ते ‘लव्ह’ म्हणून हाक मारत, इंग्लंडच्या कामगार वस्तीत म्हणतात तसं, आणि माझ्याकडे वळून म्हणत, “तुला काय पायजे? बोल की.”

त्यांचे वडील मिरजेचे. कारखान्यात टर्नर होते. साठच्या दशकात इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका मोटारींच्या शहरात ओतकामाच्या कारखान्यात लागले आणि मागाहून बायकोमुलांना बोलावून घेतलं. मुलगा तेव्हा लहान होता. शाळेत इंग्रजी शिकला तो तिथल्या कामगारांच्या पोरांचं, सपाट, शब्दांची शेपटं तोडणारं. घरी आईची मिरजेची मराठी, ती तशीच राहिली. इकडे मिरजही बदलली असेल, पण ह्यांच्या तोंडात ती साठ सालातली होती. असे दोन अस्सल आवाज त्यांच्याकडे होते. तिसऱ्याची त्यांना कधी गरज नव्हती. तिसरा लोकांनी मागितला.

सतराव्या वर्षी ते एका स्का बँडमध्ये गायला लागले. स्का म्हणजे काय हे मला त्यांनी स्वयंपाकघरात शिकवलं. हे संगीत मूळ जमैकाचं. तिकडून कामाला आलेल्या माणसांबरोबर ते इंग्लंडला आलं, आणि पुढे बेकारीच्या दिवसांत काळ्या आणि गोऱ्या पोरांनी मिळून त्याला आणखी वेग दिला. ह्यांच्या बँडमध्ये काळे होते, गोरे होते आणि एक हे.

“तुमच्याकडं तबल्यात खाली असती न्हवं?” ते म्हणाले. एका हाताने टेबलावर मात्रा धरली. “एक, दोन, तीन, चार. इथं सगळी दुनिया टाळी मारती. आता बघ.” दुसऱ्या हाताने ते प्रत्येक दोन मात्रांच्या मधोमध मारू लागले. “ह्या मधल्या रिकाम्या जागा हायत. तिथं कुणी बसत न्हाई. तिथं आमचं घर.” मग हसून जमिनीकडे बोट दाखवलं. “तू बी खालीच राहतोस की.”

पुढे ते आम्हाला ‘खाली’च म्हणू लागले. फोन करत तो असा, “खाली कोण हाय का? पिठलं उरलंय.”

त्यांच्या एका गाण्याने बऱ्यापैकी नाव केलं होतं. त्या गाण्यात मध्येच वाद्यं थांबत आणि हे ओरडत, “हाण की!” मिरजेच्या पटांगणात कुस्तीच्या वेळी आजोबा ओरडत ते. खाली उभी असलेली शेकडो इंग्रज पोरं, डोकी तासलेली, जाड तळव्यांचे बूट घातलेली, एका आवाजात ओरडत, “हाण की!” त्यातलीच काही पोरं कार्यक्रम संपल्यावर बाहेर ह्यांची वाट बघत थांबत आणि जी शिवी देत ती मी इथे लिहिणार नाही. एकदा डोक्यावर बाटली बसली. त्या रात्रीचा दुसरा कार्यक्रम त्यांनी हॅट खाली ओढून गायला. “हॅट कशाला घालता म्हणून विचारतोस,” ते म्हणाले, “तिचा असा उपेग हाय.”

मंडळात त्यांना पहिल्यांदा मीच नेलं, गणपतीला. आरती सुरू झाली आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या टाळ्या विस्कटू लागल्या. कोणाला कळेना काय होतंय. ह्यांच्या टाळ्या मधल्या रिकाम्या जागी पडत होत्या, आणि इतक्या ठाम पडत होत्या की आजूबाजूचे लोक तिकडे ओढले जात होते. शेवटी मंडळाचे सेक्रेटरी त्यांच्याजवळ आले. हे सेक्रेटरी मूळचे पुण्याचे. ओटावाजवळच्या कनाटामध्ये टेलिकॉम कंपनीत वर्षानुवर्षं काढून मार्कहॅमला आलेले. मंडळाची नाटकंही तेच बसवतात.

“तुमचा ताल चुकतोय हं जरा,” ते म्हणाले.

“चुकत न्हाई. मोकळी जागा बघून मारतोय.”

“तरी पण आपण सगळ्यांबरोबर…”

“बरं, बरं.” आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. पुढच्या सगळ्या आरत्या ते हात खिशात घालूनच उभे राहत. लोक म्हणत, देवासमोर हात जोडत नाही, इंग्लंडचा माज आहे. सेक्रेटरीही म्हणत. मी पहिल्यांदा रागावलो तो तेव्हा.

बँड फुटल्यावर त्यांनी लंडनला नाटकांत कामं केली आणि तिथूनच एका नाटकाच्या दौऱ्यात टोरांटोला आले. इथली एक नर्स त्यांना आवडली. लग्न झालं, मुलगी झाली, पुढे लग्न मोडलं, पण तोवर ते इथले झाले होते. टोरांटोत तळ्याकाठच्या स्टुडिओंत अमेरिकन मालिकांचं काम कायम चालू असतं आणि तिथे तपकिरी माणूस लागतोच. दुकानदार, टॅक्सीवाला, बॉम्ब ठेवणाऱ्याचा बाप, बातमी सांगणारा डॉक्टर. त्यांनी हे सगळं अनेकदा केलं. आणि प्रत्येक वेळी मालिकावाल्यांकडून एकच मागणी असे, बोलणं ‘ऑथेंटिक’ हवं. म्हणजे इंग्रजी मोडकं हवं, मान हलती हवी.

“म्हंजे मी बोलतो ते खोटं आणि मी करून दाखवतो ते खरं,” ते म्हणत. “असला धंदा कुठं बघितलास काय?”

ते जो भारतीय आवाज काढत तो त्यांच्या वडिलांचा होता. हे मला फार उशिरा कळलं. वडील इंग्रजी कारखान्यात शिकले, वरिष्ठांना समजावं म्हणून सावकाश, जपून बोलत. तो आवाज पोराने जसाच्या तसा उचलला होता. मालिकेत त्या आवाजावर हशा यावा अशी योजना असे. “त्या आवाजात माझा बाप हाय, मास्तर,” ते एकदा म्हणाले. “पोट त्याच्यावर भरलं. पण लोक हसले की वाटतं, उठून एकेकाला…” त्यांनी चहा ओतून घेतला. मयताची भूमिका त्यांना सगळ्यात आवडायची. मयताला ॲक्सेंट नसतो.

हल्ली ऑडिशनला कोणी बोलावत नाही. माणसाने घरीच स्वतःचं चित्रण करून पाठवायचं. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्यामागून कोणीतरी वाचावी लागतात. ते काम माझ्याकडे आलं. आम्ही स्वतःचं घर घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलो तरी मी ते करतच राहिलो. त्यांच्या बेसमेंटमध्ये, जिथे आमचा पलंग असायचा त्या भिंतीपाशी ते उभे राहत, आणि वॉशिंग मशीनच्या बाजूला उभा राहून मी पोलीस होई, वकील होई, सून होई. मी काही नट नाही. वाचनालयात रांगेतल्या माणसाला नंबर सांगावा तसा मी “डॅड, आय ॲम प्रेग्नंट” म्हणायचो. ते गंभीर राहण्याची पराकाष्ठा करत.

एकदा निवड करणाऱ्या बाईंचा निरोप आला. चित्रण आवडलं, पण आणखी ऑथेंटिक हवं. कॅमेऱ्यामागून जे गृहस्थ वाचताहेत, त्यांच्यासारखं बोलता येईल का? ह्यांनी तो निरोप मला मोठ्याने वाचून दाखवला आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो. मग ते एकदम थांबले. “तुझं इंग्लिश तुझं हाय. नागपूरचं, पुस्तकातलं, चांगलं. ते मी करून दाखवायचं आणि त्यांनी हसायचं? न्हाई जमणार.” ते काम त्यांनी सोडलं. 

आता मंडळाच्या नाटकाबद्दल. आपल्यात एक खराखुरा, जन्म रंगभूमीवर काढलेला नट आहे हे सेक्रेटरींना माहीत होतं. नाटक घरगुती विनोदी होतं. वाचनाला हेही गेले, सूट घालून, सगळं पाठ करून. त्यांना घराच्या मालकाची भूमिका हवी होती. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अभिनय उत्तमच. प्रश्न फक्त भाषेचा. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’. ‘पायजे’ नाही, ‘पाहिजे’. प्रेक्षकांना खटकेल हो.” मग जरा विचार करून त्यांचा चेहरा उजळला. “पण आपल्या गड्याच्या भूमिकेला तुमची भाषा अगदी नॅचरल आहे!”

ओकव्हिलच्या एका सभागृहात प्रयोग झाला. मालकाच्या भूमिकेत एक दंतवैद्य होते, त्यांना दोनदा आतून वाक्य सांगावं लागलं. हे रामू गडी होऊन प्रत्येक प्रवेशात खांद्यावर टॉवेल टाकून येत, आणि तोंड उघडलं की हशा. तो विनोदाला नव्हता, ‘न्हाई’ला होता. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “कसलं ऑथेंटिक बोलतो ना!” तोच शब्द. मी तिच्याकडे पाहिलं, ती हसून पुन्हा रंगमंचाकडे वळली.

परत येताना गाडीत ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. हायवे ४०३ संपत आला तेव्हा म्हणाले, “इंग्लिशमध्ये मी दुकानदार. मराठीत मी गडी. एका तरी भाषेत मालक करा की राव.” माझी बायको मागे बसली होती, तिला हसू आलं आणि मग रडू आलं.

शेवटचं काम त्यांना मिळालं ते असं. इथेच जन्मलेली, भारतीय आईबापांची एक तरुण दिग्दर्शिका मालिका करत होती. त्यात एक आजोबा होते. ती फोनवर म्हणाली, “तुम्ही जसे बोलता तसेच बोला. मला तेच हवंय.” त्यांनी मला लगेच बोलावून घेतलं. प्रवेशात नात विचारते, तुम्ही परत का गेला नाहीत? आणि आजोबा बरंच मोठं बोलतात. मी चाळिशी उलटलेला, मिशांसकट, नात झालो. माझ्या फोनवर ते चित्रण केलं. ते भिंतीपाशी उभे राहिले आणि त्या कारखान्यांच्या शहरातल्या आवाजात बोलले. कुठेही मान हलवली नाही. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, मराठीत सांगायचं तर असं: मी इथे पाहुणा म्हणून आलो नाही, पाहुण्याला दुसऱ्याच्या घरात झोप लागत नाही, मला लागते. संपल्यावर मी पुढचं वाक्य वाचायचं विसरलो. मागे वॉशिंग मशीन फिरत होतं. ते म्हणाले, “वाच की, मास्तर. नात कुठं गेली?”

भूमिका मिळाली. चित्रीकरण झालं. घरी आले ते वेगळाच माणूस होऊन. “बोललो,” ते म्हणाले. “माझ्याच तोंडानं बोललो.” मुलीला व्हँकूव्हरला फोन करून सांगितलं. एरवी ते स्वतःचं काम कधी बघत नसत. या वेळी भाग दाखवणार त्या संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघांना, सुट्टीवर आलेल्या मुलीला आणि सेक्रेटरींनाही घरी जेवायला बोलावलं. सेक्रेटरींना का, असं मी विचारलं. “ऐकू दे की त्याला बी,” ते म्हणाले. झुणका केला, टोस्ट भाजले.

प्रवेश आला. त्यांचा चेहरा आला. नातीने प्रश्न विचारला. त्यांचे ओठ हलले आणि त्यातून दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला. कापरा, गोड, मोडका. “आय… डिड नॉट कम हिअर… ॲज अ गेस्ट, बेटी.” हे ‘बेटी’ लिहिलेलंसुद्धा नव्हतं. निर्मात्यांनी तो आवाज दुसऱ्या नटाकडून भरून घेतला होता. चेहरा ह्यांचा, बाकीचं सगळं उसनं.

 मुलगी म्हणाली, “डॅड? डॅड, व्हॉट इज दॅट?” आणि त्याच क्षणी सेक्रेटरींनी मांडीवर थाप मारली. “वा! काय ॲक्सेंट पकडलाय! अप्रतिम!”

“आवाज माझा न्हाई,” ते म्हणाले.

“हाच तर अभिनय! स्वतःचा आवाज पार विसरायला लावलात.”

ह्यांनी उठून किटली लावली. ती उकळून आपोआप बंद झाली तरी तिथेच उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शिकेला फोन केला. तिचं उत्तर असं की निर्मात्यांनी निवडक प्रेक्षकांना भाग दाखवला होता आणि लोकांना कळेना हा म्हातारा नेमका कुठला. आपला नाइलाज झाला. कराराप्रमाणे त्यांना आवाज बदलण्याचा हक्क आहे. आणि ती स्वतः खूप रडली. ह्यांनी तिला समजावलं म्हणे. मी असतो तर समजावलं नसतं.

त्यानंतर त्यांनी एकही चित्रण केलं नाही. त्या उन्हाळ्यात अंगणात बसले असताना, मुलगीही होती, मला म्हणाले, “मी मेल्यावर मंडळवाले कायतरी करतीलच. करू देत. आरती म्हणा, भाषणं करा, गड्याचा फोटो लावा. फक्त ते एवढं लावू नका. दुसऱ्याचा आवाज माझ्या तोंडात घालून मला पोचवू नका.” मुलगी म्हणाली, “प्रॉमिस, डॅड.” मीही हो म्हटलं.

ते गेले तेव्हा मुलीने सगळी व्यवस्था माझ्यावर सोपवली. मी सेक्रेटरींना भेटून स्पष्ट सांगितलं. मालिकेतला तुकडा नको, आवाज त्यांचा नाही, ती त्यांची शेवटची इच्छा आहे. माझ्या फोनवरचं चित्रण दिलं. हे लावा, म्हटलं. त्यांनी ते बघितलं आणि तोंड जरा वाकडं केलं.

“बघा, भावना समजतात. पण मागे वॉशिंग मशीन ऐकू येतंय. आणि मधेच तुमचा आवाज. हॉलमध्ये मोठ्या स्क्रीनवर प्रोफेशनल वाटणार नाही.”

“नाही वाटलं तर नाही वाटलं. ते त्यांचं आहे.”

“बघतो. कमिटीत टाकतो,” ते म्हणाले.

सभेला बरीच माणसं होती. सेक्रेटरींनी भाषण केलं. बँडचं नाव चुकीचं घेतलं. “आपला रामू गडी गेला,” म्हणाले, आणि लोक प्रेमाने हसले. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर मालिकेतला आजोबा आला. त्यांचा चेहरा, सभागृहाच्या छताएवढा. ओठ हलले. तो कापरा गोड आवाज सगळीकडे पसरला.

मी आयुष्यात भर सभेत कधी उठलेलो नाही. उठलो. म्हटलं, “हा आवाज बरोबर नाही.”

मागून कोणीतरी म्हणालं, “हो हो, मागे पण नीट येत नाहीये.” आणि ध्वनियंत्रापाशी बसलेल्या माणसाने तत्परतेने आवाज वाढवला. ‘बेटी’ माझ्या कानांवर आदळलं. “आता ठीक आहे का?” त्याने मला अंगठा दाखवून विचारलं.

मी पुढे गेलो आणि स्पीकरची वायर उपटली. पडद्यावर ते बोलत राहिले. कोणाला काही ऐकू येत नव्हतं. पहिल्या रांगेतून मुलीने माझ्याकडे पाहून होकाराची मान हलवली. सेक्रेटरी धावत आले, “अहो, काय करताय? जरा ठेवा ना प्रसंगाचं गांभीर्य!” मी त्यांना काय म्हणालो ते माझ्या बायकोने मला नंतर सांगितलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगी आणि मी बाहेर आलो. पार्किंगमध्ये ती म्हणाली, “अंकल, डॅड तुमच्या आधी उठले असते.”

घरी पोचेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला होता. श्रद्धांजली सभेत तांत्रिक अडचण आल्याबद्दल दिलगीर आहोत, ज्यांना नीट ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ सोबत जोडत आहोत. खाली तो तुकडा होता. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

मी त्या ग्रुपवर कधी काही लिहीत नाही. त्या दिवशी बेसमेंटमधलं चित्रण टाकलं. वर एवढंच लिहिलं: हे त्यांचं. तासभर काहीच आलं नाही. मग आणखी थोडे जोडलेले हात आले. शेवटी सेक्रेटरींचा निरोप आला. तो मी काही न बदलता उतरवतो.

“छान. पण यात आवाज डब केलेला वाटतोय. ओरिजिनल असेल तर टाका ना प्लीज.”